शुगर उतरली की पेढा भरवू नका, आणि आणखी काही चुका

मधुमेह्यांना समजावून सांगणं हेच माझं काम. त्यात सगळ्यात जास्त जीव जळतो तो शुगर उतरल्यावर घरचे जी घाई करतात ती पाहून.

एका लग्नात मुहूर्त लांबला आणि पंगतही. ग्लिमेपिराइडची, म्हणजे शुगर उतरवणारी गोळी घेऊन आलेले एक काका उपाशीच बसलेले. त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. कुणीतरी पेढा भरवला. फरक दिसेना म्हणून दुसरा. मग मावशींनी बासुंदीची वाटीच तोंडाला लावली. दुपारी शुगर तीनशेच्या पुढे!

पेढ्यात साखर असते तसं स्निग्धही असतं. स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात पोचले की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचं हार्मोन सुटतं. ते व्हेगस नर्व्हमार्फत, म्हणजे मेंदू आणि पोट जोडणाऱ्या नसेमार्फत, जठराला सावकाश रिकामं व्हायला लावतं, म्हणजे साखर रक्तात उशिरा पोचते. इकडे अ‍ॅड्रेनलिन आणि ग्लुकागॉन ही हार्मोन्स यकृतातली साठवलेली साखर बाहेर काढत असतात. दोन्हीकडची साखर एकदम आली की आकडा उसळतो.

शुगर ७० च्या खाली आणि माणूस शुद्धीवर असेल तर ग्लुकोज पावडर पाण्यात द्या, तीन सपाट चमचे, साधारण १५ ग्रॅम. मग १५ मिनिटं थांबा. हे थांबणंच कुणाला जमत नाही. पुन्हा तपासा, तरी कमीच असेल तर तेवढंच परत. आकडा वर आला की पोळी-भाजी. माझ्या पर्समध्ये ग्लुकोजची पुडी कायम असते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर घरची साखर कामाची नाही, कारण या गोळ्या तिचं विघटनच लांबवतात. तिथे ग्लुकोजच हवं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

बीपीसाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना धडधड आणि कापरं जाणवेलच असं नाही. घाम मात्र फुटतो, त्यावर लक्ष ठेवा.

आंबा खाऊन हात न धुता शुगर तपासायला बोट टोचू नका, आकडा खोटा वाढलेला येतो. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजा. दंडावर लावलेला, सतत शुगर मोजणारा सेन्सर रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो, म्हणून शुगर उतरलेली असताना बोटाचाच आकडा धरा. आणि पाच मिनिटांत ताट संपवू नका. पोट भरल्याचा निरोप आतड्यातून मेंदूला पोचायला वेळ लागतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे सकाळची उपाशीपोटीची शुगर वाढलेली दिसली की रात्रीचं जेवण बंद करणं. नवीन निदान झालेले हमखास हेच करतात. पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन वाढतात, यकृत साखर सोडतं, आणि तिला आवरायला इन्सुलिन कमी पडतं. भाकरी सोडून हे थांबत नाही. उलट इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशी झोपलात तर रात्री शुगर घसरते. कारल्याचा रस हा शॉर्टकटही मला मान्य नाही.

त्यापेक्षा काही दिवस झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर शुगर तपासून वहीत लिहा. तीनचा आकडा कमी असेल तर रात्रीचा डोस जास्त होत असेल. तीनला ठीक आणि सकाळी जास्त असेल तर दुखणं पहाटेचं. वही डॉक्टरांना दाखवा. डोस त्यांनाच बदलू द्या.