गो भाषेत जेनेरिक फंक्शन लिहिताना कंस्ट्रेंट कसा निवडावा

गो या प्रोग्रामिंग भाषेत जेनेरिक्सची, म्हणजे एकच फंक्शन अनेक टाइपसाठी (डेटाच्या प्रकारांसाठी) लिहिण्याची सोय मार्च २०२२ मध्ये, १.१८ या आवृत्तीबरोबर आली. तोपर्यंत स्लाइसमधली, म्हणजे किमतींच्या यादीतली, सर्वांत मोठी किंमत शोधणारे फंक्शन प्रत्येक टाइपसाठी वेगळे लिहावे लागे, नाहीतर कोणताही टाइप चालवून घेणाऱ्या रिकाम्या इंटरफेसचा आधार घ्यावा लागे आणि मग टाइपची चूक प्रोग्राम चालू असतानाच उघडकीला येई.

सुरुवातच जेनेरिक फंक्शनने करू नये, असे मला वाटते. आधी फक्त इंटसाठी (पूर्णांकांसाठी) साधे फंक्शन लिहून तपासून घ्यावे आणि तोच कोड दुसऱ्या टाइपसाठी जसाच्या तसा उतरवण्याची वेळ आली की मगच नावापुढे चौकटी कंसात टाइप पॅरामीटर घालावा. देवनागरीत मांडल्यास पहिली ओळ अशी होईल:

फंक कमाल[टी सीएमपी.ऑर्डर्ड](यादी []टी) (टी, बूल)

यातला 'टी' म्हणजे वापरताना ठरणारा टाइप, आणि त्याच्या शेजारी त्याच्यावर घातलेली अट, म्हणजे कंस्ट्रेंट. शेवटचा 'बूल' म्हणजे किंमत सापडली की नाही हे सांगणारे खरे-खोटे उत्तर. खरा विचार इथे करावा लागतो. नवशिके सवयीने 'एनी' (कोणताही टाइप) लिहितात आणि आतल्या > या चिन्हावर कंपायलर अडतो. त्याचे बरोबरच आहे, कारण 'एनी'मध्ये मॅप (की आणि किंमत यांच्या जोड्या) आणि फंक्शनही येतात व त्यांच्यात लहानमोठे ठरवता येत नाही. म्हणून आपण त्या किमतींचे नेमके काय करतो ते पाहावे: नुसत्या साठवायच्या असतील तर 'एनी' पुरतो, समानता तपासायची किंवा मॅपची की करायची तर 'कंपेरेबल' लागतो, आणि क्रम लावायचा तर १.२१ मध्ये आलेला, सीएमपी पॅकेजमधला 'ऑर्डर्ड'.

स्वतःचा कंस्ट्रेंट 'इंट | फ्लोट६४' असा लिहिला, तर इंटवरून बेतलेला आपला 'पैसे' हा टाइप त्यात बसत नाही. इंटच्या आधी ~ हे चिन्ह दिले की बसतो. 'ऑर्डर्ड'मध्ये ते आधीपासूनच आहे.

यादी रिकामी असेल तेव्हा 'व्हार शून्य टी' असे जाहीर करून ती शून्य किंमत (त्या टाइपची आपोआप मिळणारी सुरुवातीची किंमत) परत द्यावी, पण सोबत 'फॉल्स'ही द्यावे, अन्यथा शून्य हीच कमाल किंमत असल्याचा समज होईल.

फंक्शन वापरताना टाइप बहुधा सांगावा लागत नाही, कारण दिलेल्या स्लाइसवरून कंपायलर तो ओळखतो. 'स्टॅक[टी एनी]' अशा जेनेरिक टाइपची रिकामी किंमत तयार करताना मात्र 'स्टॅक[स्ट्रिंग]' असे स्पष्ट लिहावे लागते, आणि त्याच्या मेथडच्या (टाइपला जोडलेल्या फंक्शनच्या) रिसीव्हरमध्येही, म्हणजे मेथड कोणत्या टाइपची ते सांगणाऱ्या भागातही, 'स्टॅक[टी]' लिहावे लागते, फक्त तिथे कंस्ट्रेंट पुन्हा देत नाहीत.

१.२१ पासून स्लाइसेस पॅकेजमध्ये 'मॅक्स' तयार मिळते, पण रिकाम्या स्लाइसवर ते पॅनिक होते, म्हणजे प्रोग्राम चालू असताना चूक होऊन कोसळते, तेव्हा ते वापरण्याआधी लांबी तपासून घ्यावी.