झुबारा किल्ला आणि ओसाड जुमैल: एका दिवसाच्या सहलीत या चुका टाळा

कतारमधील दोह्याच्या वायव्येला सुमारे शंभर किलोमीटरवर असलेला झुबारा किल्ला आणि तेथून किनाऱ्याने उत्तरेकडे गेल्यावर लागणारे जुमैल हे ओसाड कोळीगाव, ही दोन्ही ठिकाणे एका दिवसात निवांत पाहून होतात. तरीही अनेक जण अर्धेच पाहून परततात, कारण किल्ला म्हणजेच झुबारा अशी त्यांची समजूत असते.

वास्तविक हा किल्ला कतारचे तत्कालीन शासक शेख अब्दुल्ला बिन जासिम अल थानी यांनी १९३८ मध्ये पहाऱ्यासाठी बांधला, म्हणजे आपल्याकडच्या कित्येक वाड्यांहूनही तो वयाने लहान आहे. त्याचे तीन बुरूज गोल व एक चौकोनी आहे, हे मात्र आवर्जून पाहावे. खरे झुबारा म्हणजे अठराव्या शतकात मोत्यांच्या व्यापारावर भरभराटलेले आणि १८११ मधील हल्ल्यात जळालेले शहर. २०१३ मध्ये जागतिक वारसा यादीत नोंदले गेलेले हे स्थळ किल्ल्यापासून समुद्राच्या दिशेने थोड्याच अंतरावर, बहुतांशी वाळूखाली आहे. सह्याद्रीतले गड पाहिलेल्या माणसाला तेथे प्रथम काहीच दिसत नाही, म्हणून किल्ल्यातील माहितीफलक आधी वाचून मगच तिकडे जावे.

दुसरी चूक अधिक महागात पडते. किनाऱ्यालगतची सपाट, पांढुरकी जमीन टणक वाटते. परंतु ती सबखा, म्हणजे वर मिठाचा पापुद्रा आणि खाली ओला चिखल असलेली जमीन असते. कोकणातल्या खाजणात पाय टाकताना जी सावधगिरी आपण सहज बाळगतो, ती येथे गाडीत बसल्यावर विसरली जाते. चाके रुतू लागल्यास ॲक्सिलरेटर दाबू नये, कारण फिरणारे चाक आणखी खोल जाते. लगेच थांबून, चाकांपुढची व मागची माती काढून, टायरमधील हवा कमी करून, आलेल्याच चाकोरीतून सावकाश मागे यावे. तेवढ्याने गाडी निघाली नाही, तर दुसऱ्या गाडीने ओढून काढावी. मात्र ती गाडी टणक जमिनीवरच उभी असावी. मुळात मळलेली वाट सोडूच नये, हे उत्तम.

जुमैलमध्ये मशिदीचा मिनार आणि छपरे गेलेली घरे उरली आहेत. मोडक्या भिंतींवर चढून छायाचित्रे काढणे धोक्याचे असते, आणि खापरांचे तुकडे उचलून नेणे तर गैरच.

वेळेचा हिशेबही चुकतो. डिसेंबरमध्ये तेथे सूर्य पाचच्या आधीच मावळतो, त्यामुळे जेवण उरकून दुपारी निघणाऱ्यांना जुमैल अंधारातच गाठावे लागते. उन्हाळ्यात ही सहल करूच नये. शुक्रवारी जायचे असल्यास किल्ल्याची वेळ आदल्या दिवशीच पाहून ठेवावी, आणि पाणी व पेट्रोल दोन्ही हमरस्त्यावर असतानाच भरून घ्यावे.