बदकाची अंडी उबवायला ठेवण्यापूर्वी

इन्क्युबेटर सुरू करण्यापूर्वी आर्द्रतामापक तपासून घ्यावा. गेल्या पावसाळ्यात मी तो तपासला नाही. काटा कमी दाखवत राहिला, मी पाणी घालत राहिलो आणि पूर्ण वाढलेली पिल्ले कवचातच गुदमरली. बाटलीच्या बुचात रोजचे मीठ घेऊन ते जेमतेम ओले करावे, विरघळू देऊ नये. बूच आणि मापक घट्ट झाकणाच्या डब्यात शेजारी शेजारी रात्रभर ठेवावेत. सकाळी आकडा ७५ टक्के असला पाहिजे. ६८ दिसला, तर पुढे प्रत्येक वेळी ७ मिळवायचे, हे कागदावर लिहून यंत्राच्या झाकणावर चिकटवावे.

अंडी आठवड्याच्या आतली, न तडकलेली आणि मुळात स्वच्छ असावीत. मळकी धुऊन चालवू नयेत, कारण धुतल्याने कवचावरचा संरक्षक थर जातो आणि आत जंतू शिरून कुजलेले अंडे फुटले की शेजारची अंडीही वाया जातात. कळपात नर आहे का आणि जात कोणती, हे विकणाऱ्याला विचारावे: खाकी कॅम्पबेलला २८ दिवस लागतात, मस्कोव्हीला ३५. पुढचे दिवस २८चे धरले आहेत. गाडीवरून हादरे खात आलेली अंडी निमुळते टोक खाली करून एक दिवस स्वस्थ ठेवावीत. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला घर रिकामे होणार असेल, तर तारीख आधीच मागेपुढे करावी. इन्व्हर्टर हवाच.

पंख्याच्या यंत्रात तापमान ३७.५ अंश ठेवावे. आर्द्रता पंचविसाव्या दिवसापर्यंत साधारण ५५ टक्के असावी, पण ती तपासलेल्या मापकावरची. कोल्हापुरात श्रावणात जेवढे पाणी पुरते तेवढे एप्रिलात पुरत नाही, त्यामुळे 'रोज एक वाटी' असला कोणाचाही हिशेब येथे चालत नाही. पडताळा म्हणून अंड्यांचे वजन करावे. गुजरीतल्या सराफाकडे असतो तसा लहान डिजिटल काटा पुरेसा आहे. सत्तर ग्रॅमचे अंडे पंचविसाव्या दिवशी सुमारे नऊ ग्रॅमने हलके झालेले असावे. वजन फारसे घटत नसेल, तर पाणी कमी करावे. मिठाची चाचणी अजूनही केली नसेल, तर वाचन येथेच थांबवून ती करावी.

अंड्याच्या एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल अशी पेन्सिलची खूण करून ती दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावीत. संख्या विषम असली म्हणजे रात्रीची लांब वेळ रोज एकाच कुशीवर जात नाही. सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून पाहावे आणि ज्यांत शिरांचे जाळे दिसत नाही ती अंडी काढावीत. दहाव्या दिवसापासून रोज दहा मिनिटे झाकण उघडून कोमट पाण्याचा हलका फवारा मारावा.

पंचविसाव्या दिवशी फिरवणे आणि फवारा बंद. आर्द्रता ७० ते ७५, अर्थात त्याच तपासलेल्या मापकावर. कवचाला पहिले भोक पडल्यावर पिल्लू बाहेर यायला एक-दोन दिवस लागू शकतात, तेव्हा झाकण उघडू नये, कवच सोलू नये. पिल्ले कोरडी झाली की ३२ अंशांच्या उबेला, उथळ पाणी, बारीक खाद्य.