पाइपातून वायर सरकत नाही? जंक्शन बॉक्स आणि इन्स्पेक्शन फिटिंगच्या या चुका टाळा

घर बांधून पाच-सात वर्षं होतात आणि बेडरूममध्ये एसी घ्यायचं ठरतं. वायरमन २.५ स्क्वेअर एमएमची जुनी वायर काढून ४ ची टाकायला बघतो, पण वायर जागची हलत नाही. मग भिंत फोडायची बोलणी सुरू होतात. घरमालकाला वाटतं वायरमन कच्चा आहे आणि वायरमन म्हणतो पाइप दबलाय. बऱ्याचदा पाइप धड असतो. मध्ये जिथं हात घालता यायला हवा होता तिथं फिटिंगच नसतं, किंवा असतं पण पीओपीच्या मागे गेलेलं असतं.

वायर कुठल्या कंपनीची घ्यायची यावर लोक तासभर बोलतात. जंक्शन बॉक्स, म्हणजे पाइप जिथं मिळतात तिथला झाकणाचा डबा, किती आणि कुठे, हे मात्र ठेकेदारावर सोडून देतात. खरं तर पुढची तीस वर्षं त्या घरातली वायर बदलता येणार की नाही, हे त्या किरकोळ किमतीच्या फिटिंगवर ठरतं. म्हणून स्लॅब भरायच्या आधी, निदान प्लास्टरच्या आधी हे वाचा.

झाकण आहे, पण उघडता येत नाही

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. इलेक्ट्रिशियन बॉक्स लावून जातो, गवंडी त्यावरून प्लास्टर ओढतो, मग पीओपीवाला येतो आणि शेवटी टाइल्सवाला. प्रत्येकाचं काम स्वतःपुरतं चोख असतं, पण बॉक्स कायमचा गाडला जातो. किचनमध्ये तर हमखास: ओट्यावरच्या टाइल्सच्या मागे चिमणीचा बॉक्स, मॉड्युलर कपाटाच्या पाठीमागे फ्रिजचा. फॉल्स सिलिंगच्या वरचा बॉक्सही याच वर्गातला. बॉक्सखाली सिलिंगला उघडणारी चौकट ठेवली नसेल, तर तो बॉक्स असून नसल्यासारखा.

बॉक्सची कड प्लास्टरच्या अंतिम पातळीला यायला हवी. ती दोन सेंटिमीटर आत राहिली तर गवंडी ती भरणारच, त्यात त्याचा दोष नाही. प्लास्टरआधी बॉक्समध्ये कागद कोंबून वर टेप लावा आणि भिंतीवर खडूने काट मारून ठेवा. झाकणावर रंग चालेल, पुट्टी नको. पुट्टीने स्क्रूची खाच बुजली की पाच वर्षांनी तो स्क्रू पाना लावूनही फिरत नाही.

उघड्या पाइपिंगला लागणाऱ्या इन्स्पेक्शन बेंड आणि इन्स्पेक्शन टीच्या (झाकण उघडता येणारं वळण आणि फाटा) बाबतीत चूक वेगळी होते. झाकण भिंतीकडे किंवा बीमकडे तोंड करून बसतं. पाइप जोडताना ते लक्षात येत नाही, कारण तेव्हा फिटिंग हातात असतं. सोल्यूशन (पाइप चिकटवायचा द्रव) लावायच्या आधी एकदा कोरडंच बसवून बघा: समोरून स्क्रूड्रायव्हर सरळ जातोय का, आणि वायर ओढायला दोन बोटं आत शिरतायत का?

कारखान्याच्या गाळ्यात लोखंडी पाइपवर डायकास्ट फिटिंग वापरतात, तिथे अक्षरांचा घोळ होतो. एलबी, एलएल आणि एलआर तिन्ही काटकोनीच, फरक फक्त झाकणाच्या बाजूचा. लांब अंग खाली आणि झाकण आपल्याकडे धरायचं. दुसरं तोंड पाठीमागे निघालं तर एलबी, डावीकडे निघालं तर एलएल, उजवीकडे निघालं तर एलआर. भिंतीवरून आलेला पाइप भिंतीतून आत न्यायचा असेल तर एलबीच लागतं, कारण झाकण समोर राहतं. सरळ जाणाऱ्या पाइपात मध्ये उघडण्यासाठी सी, फाटा काढायला टी. दुकानात ‘एल द्या’ एवढंच म्हटलं की दुकानदार समोर असेल ते देतो आणि साइटवर झाकण छताकडे बघत बसतं.

वळणांचा हिशेब कोणी करत नाही

वायर ओढताना लांबीपेक्षा वळणं जास्त त्रास देतात. प्रत्येक वळणावर ओढीचा ताण वाढतो आणि तो बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो. घर्षणांक ०.५ धरला तर एका काटकोनानंतर ताण सुमारे २.२ पट होतो, दोन काटकोनांनंतर ४.८ पट आणि चार काटकोनांनंतर २३ पट. सुरुवातीला एक किलोच्या जोराने सरकणारी वायर चौथ्या वळणापलीकडे २३ किलो मागते. या जोराने पातळ वायरचं इन्सुलेशन वळणाच्या आतल्या कडेला सोलवटतं आणि ते बाहेरून कुणाला दिसत नाही.

अमेरिकेच्या एनईसी या वायरिंग संहितेत दोन उघडण्याच्या जागांमध्ये एकूण ३६० अंशांपेक्षा जास्त वळण चालत नाही, म्हणजे चार काटकोन ही शेवटची हद्द. आपल्या घरांतल्या पीव्हीसी पाइपला मी दोनाच्या वर जाऊ देत नाही. तिसरं वळण आलं की मध्ये बॉक्स. चार काटकोन कागदावर बसतात, पण नवीन वायर ओढताना बसतात म्हणून जुनी काढून दुसरी टाकतानाही बसतील असं नाही. तोवर पाइपात धूळ गेलेली असते आणि जुन्या वायरी एकमेकींना चिकटलेल्या असतात.

याच गणितातून आणखी एक उपयोगी गोष्ट निघते. वळणं ज्या टोकाजवळ आहेत त्या टोकाने वायर आत सोडायची आणि दुसऱ्या टोकाने ओढायची. आत जाताना ताण कमी असतो, त्यामुळे वळणावर गुणाकार होतो तो लहान आकड्याचा. उलट केलं तर आधी सरळ पाइपभर ताण साठतो आणि मग तो वळणावर कित्येक पट होतो. पाइप तोच, वायर तीच, माणसंही तीच, तरी एका बाजूने काम होतं आणि दुसऱ्या बाजूने अडतं.

आणि कृपा करून स्लॅबमध्ये एल्बो टाकू नका. पाण्याच्या पाइपसारखा आखूड काटकोन वायरला नको असतो. लांब बेंड वापरा किंवा आत बेंडिंग स्प्रिंग घालून पाइपच वळवा. स्प्रिंगशिवाय गुडघ्यावर दाबून वळवलेला पाइप आतून चपटा होतो, बाहेरून मात्र ठीक दिसतो.

फिटिंगमध्ये जोड कोंबणं

इन्स्पेक्शन बेंड किंवा एलबी ही वायर ओढायची आणि वळवायची जागा आहे, जोड ठेवायची नाही. आत जागाच नसते. टेप गुंडाळलेले तीन जोड दाबून झाकण आवळलं की स्क्रू कुठल्यातरी वायरला टोचतो आणि महिन्याभराने आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) विनाकारण पडते अशी तक्रार येते. एनईसीमध्येही आतली जागा किती हे निर्मात्याने फिटिंगवर कायमचं नोंदलेलं असेल, तरच त्यात जोड चालतो. जोड द्यायचाच असेल तर पुरेसा मोठा चौकोनी जंक्शन बॉक्स घ्या आणि कनेक्टर वापरा. त्याहून चांगलं म्हणजे स्विचबोर्डपासून डीबीपर्यंत, म्हणजे घरातल्या मुख्य एमसीबीच्या पेटीपर्यंत, वायर अखंड ठेवा.

मेनच्या जाड केबलला दुसरा प्रश्न येतो. फिटिंग पाइपच्या मापाचं असतं, पण केबल त्यात वळायला मागत नाही. मग वायरमन पक्कड लावून ती दुमडतो. अशा जागी सरळ पुल बॉक्स, म्हणजे केबल ओढून वळवायला मोठी जागा असलेला डबा, लावावा.

पाइप भरून टाकणं

२० मिमीच्या मध्यम जाडीच्या पीव्हीसी पाइपचा आतला व्यास साधारण १७ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २२७ चौरस मिमी. दोनपेक्षा जास्त वायरी असतील तर ४० टक्क्यांपर्यंत भरावं हा प्रचलित निकष, म्हणजे सुमारे ९० चौरस मिमी. २.५ स्क्वेअर एमएमच्या वायरचा इन्सुलेशनसकट व्यास ३.६ मिमीच्या आसपास, म्हणजे एका वायरला सुमारे १० चौरस मिमी. हिशेबाने आठ बसतात. वळण असेल तर मी सहावर थांबतो आणि सातवी आली की २५ मिमीचा पाइप घेतो. दाटीवाटीत वायरी तापतात तेही आहेच.

तीन जाड वायरी एका पाइपात नेताना एक छुपा धोका असतो. पाइपचा आतला व्यास वायरच्या व्यासाच्या साधारण तिप्पट असेल, तर वळणावर तिन्ही वायरी एका ओळीत येऊन पाचरीसारख्या अडकतात. भराव ४० टक्क्यांच्या आत असूनही असं होतं. तिथे पाइप एक माप मोठा घ्यावा.

लोखंडी पाइप असेल तर एका सर्किटचे फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपातून गेले पाहिजेत. वेगवेगळ्या पाइपांतून नेले तर पाइपच तापतो.

दिसत नाहीत अशा बारक्या गोष्टी

हॅकसॉने पाइप कापला की आतल्या कडेला पांढऱ्या भुशाचा पातळ, खरबरीत ओठ उभा राहतो. बोट फिरवलं की लागतो. चाकूने तो खरवडून काढायला जेमतेम अर्धं मिनिट लागतं, पण स्लॅबच्या घाईत ते कोणी करत नाही आणि पुढे प्रत्येक वायर त्या ओठावरून घासत जाते. सोल्यूशनही तसंच. ते पाइपच्या बाहेरून लावायचं, कपलरच्या आत नाही. आत लावलं की पाइप ते पुढे ढकलतो आणि जोडाच्या आत त्याची कडक कड जमते.

स्लॅब भरताना सिमेंटचं पाणी बॉक्समध्ये शिरतं. खोल बॉक्सची तोंडं शटरिंगवर घट्ट बसवा आणि पाइपची उघडी टोकं कॅपने बंद करा. व्हायब्रेटर फिरताना इलेक्ट्रिशियनचा एक माणूस स्लॅबवर हजर हवाच, हे ठेकेदाराला आधीच सांगून ठेवा.

ओढताना तेल किंवा ग्रीस लावू नका, पीव्हीसी इन्सुलेशनला ते मानवत नाही. शंखजिऱ्याची भुकटी किंवा केबल ओढायचं खास जेल चालतं.

आता अडकलीच आहे, तर

आधी मेन बंद करा आणि टेस्टरने खात्री करून घ्या. मग जोर लावणं थांबवा. वायर ओढायची नायलॉनची लांब स्प्रिंग (पाइप वळवायची नव्हे) एका टोकाने घाला आणि जिथं अडेल तिथं तिच्यावर टेपची खूण करून लांबी मोजा. दुसऱ्या टोकानेही तसंच. दोन्ही लांब्या भिंतीवर मांडल्या की अडचण कुठे आहे ते वीतभर अंतरात कळतं. दोन्ही मापं एकाच जागी भेटली तर तिथं सिमेंट किंवा दबलेला पाइप असतो. मध्ये मोठं अंतर उरलं तर लागोपाठ दोन वळणं आहेत असं समजा.

जुनी वायर थोडी जरी हलत असेल तर ती बाहेर काढू नका, तिलाच नवी बांधा. नव्या वायरींची टोकं एकाच जागी न बांधता मागेपुढे बांधा, म्हणजे गाठ निमुळती होते. वर टेप गुळगुळीत गुंडाळा. एकाने आत ढकलायचं, दुसऱ्याने ओढायचं, दोघांनी एका आवाजावर. पाइप रिकामा असेल आणि स्प्रिंग जात नसेल, तर पातळ दोऱ्याला प्लास्टिक पिशवीचा बारका तुकडा बांधून दुसऱ्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावा. बऱ्याचदा दोरा येतो आणि त्याच्यामागून जाड दोरी.

गाडलेला बॉक्स शोधायला बांधकामाच्या वेळचे फोटो सगळ्यात कामाचे. ते नसतील तर भिंतीवरून चांगला चुंबक हळूहळू फिरवा. झाकणाचे लोखंडी स्क्रू पुट्टीच्या पातळ थराखाली असतील तर चुंबक तिथं ओढला जातो. बोटाने टिचकी मारून पोकळ आवाजही ऐका.

काहीच जमलं नाही तर पूर्ण झिरी मारत सुटू नका. स्प्रिंगच्या मापाने ठरलेल्या जागी तळहाताएवढा चौकोन कापा, पाइपचा खराब तुकडा काढा आणि तिथं झाकणाचा नवा बॉक्स बसवा. तो भिंतीच्या पातळीला आणा, झाकण उघडं दिसू द्या. मग कोणता बॉक्स कुठे, जमिनीपासून किती उंच, कुठल्या सर्किटचा, हे कागदावर काढून डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.