बंद झालेल्या डिझाइनची चादर पुन्हा कशी करावी

ती चादर दुकानात मिळणार नाही, हे आधी मान्य करा. बेळगावात गणपत गल्लीपासून खडेबाजारापर्यंत मोबाइलवरचा फोटो दाखवत हिंडलेली माणसं शेवटी दमून माझ्याकडे येतात. दुकानदार 'हेच की ओ, सेम' म्हणून जे पुढ्यात टाकतो ते तेच नसतं. घरी नेल्यावर ज्याच्यासाठी नेलं तो तोंडदेखलं हसतो आणि ती चादर पाहुण्यांच्या खोलीत जाते.

मी वडगावात शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश हे रोजचं. पण गेल्या काही वर्षांत असे जुने संच पुन्हा करून द्यायची कामं इतकी आली की आता कुठं काय चुकतं ते मला पाठ झालंय. संच म्हणजे पलंगभर चादर आणि दोन अभ्रे. कुणाच्या आईच्या रुखवतातला, कुणाच्या वडिलांनी बोनस मिळाल्यावर आणलेला. भेट म्हणून द्यायचा असेल तर तीन महिने हाताशी ठेवा. आठवड्यात होतं म्हणणारा माणूस छपाईवाला असेल नाहीतर खोटारडा.

पहिलं काम, नमुना मिळवणं. फोटो म्हणजे नमुना नव्हे. कापड हातात पाहिजे, तेही गुपचूप. चादर गायब झाली तर बोंबाबोंब होते, अभ्रा गायब झाला तर कुणी विचारत नाही. म्हणून अभ्रा उचला. आणि घरात आधी सांगून ठेवा, की बोहारणीला काही देण्यापूर्वी मला दाखवा. निपाणीच्या एका वहिनींचा अख्खा संच एका स्टीलच्या डब्यावर गेला होता.

अभ्राही नसेल तर वाकळ, म्हणजे गोधडी, बघा. आपल्याकडं जुनी सुती चादर फेकत नाहीत, ती वाकळेत जाते. खानापूरच्या एका घरी मला हवं असलेलं कापड आजीच्या वाकळेच्या तिसऱ्या थरात सापडलं. वरचं लुगडं फाटलं होतं म्हणून ते दिसलं तरी. थरातल्या कापडाला ऊन लागलेलं नसतं, त्यामुळं रंगही बरा राहतो. कोपऱ्यातले धावदोरे वीतभर उसवले तर पुरे. परत घालून द्या, म्हणजे आजी रागावणार नाही.

माप जुन्या चादरीवरून घेऊ नका. हे वाचून बरेच जण हसतील, पण नव्वद टक्के फसलेल्या चादरी मापावर फसतात. जुनी चादर आटलेली असते, हे एक. दुसरं म्हणजे ती चार इंची कापसाच्या गादीसाठी होती आणि आता घरात आठ इंची मॅट्रेस असते. हुबेहूब मापाची केली तर ती मॅट्रेसच्या खाली दुमडतच नाही, रात्रीत गोळा होते. डिझाइन जुनं घ्या, माप आजच्या पलंगाचं. सहा बाय साडेसहा फुटांचा पलंग म्हणजे ७२ बाय ७८ इंच. त्यात दोन्ही बाजूंची उंची आठ-आठ आणि खाली दुमडायला दोन्हीकडं सात-आठ इंच धरा. १०८ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड घेतलं की मधे जोड येत नाही. १०० इंची पन्हा स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, आटल्यावर रडाल. लांबीला सव्वातीन मीटर. अभ्र्यांसाठी पावणेदोन मीटर वेगळं. म्हणजे एकूण पाच मीटर.

कापडाचा जाडपणा बोटानं चाचपून सांगणारे फार आहेत. त्यांचं ऐकू नका, वजन करा. जुना अभ्रा कोरडा करून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. मग दोन्ही थर, आतली पट्टी आणि दुमड, सगळ्याचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढा आणि ग्रॅमला त्यानं भागा. साध्या १८ बाय २८ इंची अभ्र्याचं क्षेत्रफळ पाऊण चौरस मीटरच्या आसपास भरतं. वजन ९० ग्रॅम आलं तर कापड १२० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम. धुऊन धुऊन कापड झिजतं, म्हणून दहा-पंधरा जास्त धरून सांगा. दुकानदार लगेच सरळ होतो. सुती आहे म्हणून मिश्र कापड गळ्यात मारत असेल तर कडेचा धागा ओढून काडी लावा. सुताची राख होते आणि जळक्या कागदाचा वास येतो. पॉलिएस्टरचा टणक मणी होतो.

आता रंग. खरं काम हेच, आणि मी यातच दोनदा तोंडावर आपटले आहे.

पहिला संच मी माझ्याच आक्कासाठी केला. मोतिया जमीन, म्हणजे डिझाइनमागचा रंग, त्यावर विटकरी फुलांचे वेल, कडेला गडद हिरवी किनार. अभ्र्याची दुमड ब्लेडनं उसवली तर आतली पट्टी अशी ताजी, की कालच छापलीय. ऊन नाही, घासणं नाही, तीस वर्षं तो विटकरी तसाच दडून बसलेला. मला वाटलं, सापडलं! तोच रंग मी पकडला, हुबेहूब. वाढदिवसाला आक्कानं पुडकं उघडलं, हात फिरवला आणि म्हणाली, "छान आहे गं. पण आपली कुठं अशी भडक होती?" शेजारी बसलेली आई म्हणाली, "अगं अशीच होती की, आणली तेव्हा!"

दोघीही खरं बोलत होत्या. आईनं ती चादर दुकानात घेतली होती. आक्का तिच्यावर वाढली, तोवर ती शंभर वेळा धुऊन झाली होती. तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारते: ज्याला देताय त्यानं ही चादर विकत घेतली होती, की तो तिच्यावर झोपला होता? घेणाऱ्याला दुमडीच्या आतला रंग द्या. झोपणाऱ्याला वरच्या आणि आतल्या रंगाच्या मधला द्या, तोही फिक्याकडं झुकलेला. अगदी फिकाही नको. माणसाला आठवतो तो रंग शेवटच्या दिवसातला विटका नसतो. नवरा-बायको दोघांना मिळून द्यायची असेल तर बायकोला विचारा.

दुसरी चूक उजेडाची. त्याच हिरव्या किनारीचं कापड रंगवून घ्यायला मी संध्याकाळी रंगाऱ्याकडं गेले. ट्यूबलाइटखाली नमुना आणि रंगवलेलं कापड शेजारी धरलं, तसूभर फरक नाही. पैसे दिले, घरी आले. सकाळी अंगणात धरलं तर नमुना हिरवा आणि माझं कापड मोरपंखी! दोष त्याचा नव्हता. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात. जुळणी दिवसाच करायची, सकाळी दहा-अकराला, थेट उन्हात नाही, भिंतीच्या सावलीत. नंतर एकदा घरातल्या दिव्याखालीही बघायची, कारण चादर शेवटी तिथंच अंथरणार. दोन्हीकडं जुळला तर जुळला. कापड ओलं असताना काहीही ठरवू नका. ओलं नेहमी गडद दिसतं. वाळवून, इस्त्री करून, मग बोला.

मोबाइलचा कॅमेरा उजेडाप्रमाणं रंग स्वतःच बदलतो, म्हणून फोटो पाठवून रंग कळवू नका. कापडाचा तुकडा कुरिअर करा. आणि रंगाऱ्याला एकच छटा मागू नका, पाच मागा. हातभर चिंध्यांवर, फिक्यापासून गडदपर्यंत. त्याला कटकट वाटते, पैसे जास्त द्या. आमचा रंगारी कन्नड बोलतो आणि त्याच्याकडं मराठीत अर्धा तास समजावण्यापेक्षा 'स्वल्प कडिमे' आणि 'इन्नू स्वल्प' एवढे शब्द जास्त कामाला येतात. थोडं कमी, अजून थोडं. रंगाच्या कामात याहून जास्त भाषा लागत नाही.

जमीन पांढरी असेल तर सगळ्यात जास्त सावध राहा. पांढऱ्यात काय चुकणार असं वाटतं. बाजारातलं आजचं पांढरं कापड चमक आणणारं रसायन लावलेलं असतं. उन्हात ते निळसर झगमगतं आणि त्यावरचा कुठलाही रंग कर्कश दिसतो. छपाईवाल्याला आधीच सांगा, टिनोपॉल नको, नुसतं ब्लीच केलेलं द्या. याला उपाय म्हणून कापड चहाच्या पाण्यात बुडवा असं जिथं तिथं सांगतात. बुडवू नका! सहा इंचांच्या रुमालावर ते गोड दिसतं, तीन मीटरच्या चादरीवर ढग उमटतात, आणि दोन धुण्यांत कुठं राहतं कुठं जातं. चार नवीन चादरी अशा पिवळ्या करून आणलेल्या मी बघितल्यात. त्यांचं काही होत नाही.

दुसरा तसलाच सल्ला मीठ आणि व्हिनेगरचा. रंग जाऊ नये म्हणून तयार कापड त्यात भिजवतात. सुतावरचा रिअॅक्टिव्ह रंग सोड्यानं पक्का होतो, आणि तो रंगवतानाच. मीठ घालतात ते रंगाच्या टबात, रंग कापडावर चढावा म्हणून. नंतर मिठात भिजवून काही होत नाही आणि व्हिनेगर तर लोणच्यातच बरा. कापड घेताना पांढरा रुमाल ओला करून घासा. रंग लागला तर घेऊ नका, संपलं.

छपाईत एकच गोष्ट नीट समजून घ्या. गिरणीची बरीचशी छपाई गोल फिरणाऱ्या जाळीच्या नळकांड्यावर होते आणि त्याचा घेर बहुधा ६४ सेंटीमीटर असतो. म्हणजे डिझाइन ६४ ला, किंवा त्याच्या निम्म्या-तिसऱ्या हिश्श्याला पुन्हा सुरू होतं. अभ्रा ७१ सेंटीमीटर लांब असतो. कळलं का? अख्खं डिझाइन बहुतेक वेळा एका अभ्र्यातच मावलेलं असतं, चादरीची गरजच नाही. एका फुलाच्या देठाला टाचणी लावा आणि पुढचं तसंच देठ कुठं येतं ते मोजा. ६४ च्या जागी ६१-६२ भरलं तर घाबरू नका, कापड आटलंय. छापायला देताना ६४ च सांगा, नाहीतर फुलं बारीक येतात आणि काहीतरी वेगळं आहे एवढंच कळतं, काय ते कळत नाही. आडवं माप मात्र दर डिझाइनला वेगळं, ते स्वतः मोजा. अभ्रा उसवून सपाट करा, इस्त्री करा आणि स्कॅन करून घ्या. मीटरवर डिजिटल छपाई करून देणारे आता सहज सापडतात. स्क्रीनची छपाई करू नका, एका संचासाठी प्रत्येक रंगाचा वेगळा स्क्रीन म्हणजे वेडेपणा. ठसे कोरून हातानं छापणार असाल तर पावसाळ्यात सुरू करू नका. जून ते सप्टेंबर बेळगावात कपडे वाळत नाहीत, छपाई काय वाळणार. दिवाळीनंतर धरा.

पाचही मीटर एकदम छापू नका. आधी अर्धा मीटर नमुना मागवा, तीनदा धुवा, जुन्या अभ्र्याशेजारी ठेवा. घाईच्या गिऱ्हाईकाशी माझं भांडण होतं ते इथंच.

आणि हे भेटीपुरतंच. दुसऱ्याचं डिझाइन छापून विकायला बसू नका.

शिवण सोपं आहे. कापण्याआधी कापड रात्रभर पाण्यात घाला. कडा दुमडून टीप मारा, किनार जोडा, अभ्र्याला पाकिटासारखी सहा इंची पट्टी आत ठेवा. जुन्या अभ्र्याला झालर असेल तर चुण्या मोजून घाला, डोळ्यांनी नको. आक्काच्या अभ्र्याला एका बाजूला ४८ चुण्या होत्या, मी ४० घातल्या. तिनं मोजल्या नाहीत, पण उशी हातात घेऊन 'झालर जरा ढिली आहे' म्हणालीच.

द्यायच्या आधी संच तीनदा धुऊन टाका. नवं कापड कडक लागतं, आणि कडक चादर कुणाच्याही आठवणीत नसते. खळ घालू नका. मग जुनी चादर ज्या ट्रंकेत असायची तिथं, डांबरगोळ्या असतील तर त्यांच्यासकट, आठवडाभर ठेवा. हे मी गमतीनं सुरू केलं होतं, आता नेहमी करते. चंदगडकडचे एक काका पुडकं उघडल्यावर डिझाइन बघायच्या आधी वास घेऊन गप्प बसले होते.

पावणेदोन मीटर कापडात, १०८ इंच पन्ह्यावर, उभे पाच अभ्रे निघतात. पाचही शिवा. दोन चादरीबरोबर द्या, दोन कपाटात ठेवायला सांगा, कारण आधी फाटतात ते अभ्रेच. पाचवा मी ठेवून घेते, दुमडीत तारीख आणि रंगाच्या चिंधीचा नंबर लिहून. गिऱ्हाइकाला ते सांगत नाही.