कायनेज सिग्नलिंगवर काम सुरू करताय? मग हे आधी वाचा

एमएस्सी करून लॅबला जॉईन झाले तेव्हा माझ्या डोक्यात पुस्तकातली ती सरळ साखळी फिट्ट बसलेली होती, राफ, मेक आणि ईआरके ही तिन्ही कायनेज, म्हणजे दुसऱ्या प्रोटीनला फॉस्फेट लावणारी एन्झाइम, राफ मेकला फॉस्फेट लावून चालू करतं, मेक ईआरकेला लावतं, आणि निरोप न्यूक्लियसमध्ये पोचला की काम संपलं. एका कायनेजने दुसऱ्याला चालू करायचं ही कल्पना तशी जुनीच, फिशर आणि क्रेब्स यांना १९९२ चं नोबेल मिळालं ते ग्लायकोजेन मोडणाऱ्या एन्झाइमवरच्या कामासाठी, तिथे फॉस्फोरिलेज कायनेजला पीकेए नावाचं दुसरं कायनेज चालू करतं. पण खालचं कायनेज वरच्यालाही आवरतं हे मला खरं कळलं ते ब्लॉट (प्रोटीन बँडच्या रूपात दाखवणारी चाचणी) बघून.

एचसीटी११६ या आतड्याच्या कॅन्सरच्या सेल्सना मेकचा इनहिबिटर, म्हणजे त्याचं काम अडवणारं औषध, दिला होता, पीडी०३२५९०१. फॉस्फो-ईआरकेचे, म्हणजे फॉस्फेट लागलेल्या ईआरकेचे, ४४ आणि ४२ किलोडाल्टनचे दोन्ही बँड गेले, छान. पण फॉस्फो-मेकचा बँड कंट्रोलपेक्षा ठळक! मला वाटलं ट्यूबा अदलाबदल झाल्या, परत केलं, परत तेच. शेवटी सिनियर ताई म्हणाली, "अगं, ईआरके राफला ब्रेक लावतं ना, तू ईआरके बंद केलंस म्हणजे ब्रेक सुटला." म्हणजे राफ मोकाट, ते मेकला फॉस्फेट लावतच सुटतं, फक्त मेकचं पुढचं काम औषधाने अडवलेलं असतं. तेव्हापासून मी एकटा फॉस्फो-ईआरके कधीच बघत नाही, एक पायरी वरचं आणि टोटल प्रोटीन (फॉस्फेट असो-नसो, एकूण किती) दोन्ही लावते.

आणि सेल लाईनचं म्युटेशन आधी बघा हो, प्लीज. ए३७५ या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) सेल्समध्ये बीराफ व्ही६००ई आहे, म्हणजे बीराफ या राफच्या एका प्रकाराचं म्युटेशन झालेलं रूप, ते या ब्रेकला दादच देत नाही, त्यामुळे तिथे फॉस्फो-मेक असं वाढत नाही. उलट नॉर्मल बीराफ असलेल्या सेल्समध्ये बीराफचंच औषध दिलं तर ईआरके वाढू शकतं, कारण राफ जोडीने काम करतं आणि एकाला औषध चिकटलं की जोडीदार चालू होतो. व्हेमुराफेनिब हे बीराफचं औषध घेणाऱ्या काही पेशंटना त्वचेचे वेगळे कॅन्सर झाले ते यामुळेच, म्हणून मेलानोमात आता बीराफ आणि मेक दोन्हींची औषधं सोबत देतात.

बाकी हाताचं काम. सेल्स बर्फावरच लाईज करा (फोडा) आणि बफरमध्ये ऑर्थोव्हॅनाडेट, फ्लोराईड ताजं घाला, नाहीतर फॉस्फेटेज, म्हणजे फॉस्फेट काढून टाकणारी एन्झाइम, मिनिटांत सगळं पुसून टाकतात. ब्लॉकिंगला (अँटीबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून करतात ते) दूध नको, त्यातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रोटीन, काही अँटीबॉडींना बॅकग्राउंड येतं, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरा. ईजीएफ (ही साखळी चालू करणारा ग्रोथ फॅक्टर) दिल्यावर ईआरके पाचेक मिनिटांतच वर जातं आणि मग उतरायला लागतं, त्यामुळे थेट तासाभराने सॅम्पल घेतलं तर बराचसा खेळ होऊन गेलेला असतो. ०, ५, १५, ३०, ६० मिनिटं असे पॉईंट घ्या आणि प्लेट काढल्याची खरी वेळ वहीत तिथल्या तिथे लिहा.