राज्यसेवेत रुजू होताना: नस्ती, आदेश आणि अधिकाऱ्याचे नेतृत्व

राज्यसेवा परीक्षेतून निवड झाली की सत्कारांच्या भाषणांत 'प्रशासकीय नेतृत्व' हे शब्द इतक्या वेळा कानावर पडतात की, ते नेतृत्व पुराच्या पाण्यात किंवा अतिक्रमण हटवतानाच दाखवायचे असते, असे रुजू होणाऱ्याला वाटू लागते. महसूल विभागात नायब तहसीलदार म्हणून सुरुवात करून पुढे उपविभागापर्यंत काम केल्यावर माझे मत वेगळे झाले आहे. पहिल्या काही वर्षांत हाताखालची माणसे अधिकाऱ्याची पारख करतात ती मुख्यतः समोर आलेल्या नस्तीवर, म्हणजे फाइलवर, तो काय लिहितो, यावरून.

कारकुनाची टिपणी न वाचता सही करणारा अधिकारी निर्णयाचा अधिकार नकळत कारकुनाच्या हाती देतो. उलट प्रत्येक टिपणी स्वतः नव्याने लिहून काढणाऱ्याच्या कार्यालयात थोड्याच दिवसांत कोणीही विचारपूर्वक टिपणी लिहीनासे होते, कारण साहेब ती बदलणारच, हे सर्वांना ठाऊक झालेले असते. मधला मार्ग म्हणजे टिपणीत नियम, वस्तुस्थिती आणि प्रस्ताव वेगवेगळे मांडलेले आहेत का, एवढे पाहून उणीव नेमकी दाखवून द्यावी. 'चर्चा करावी' हा शेरा मात्र जपून वापरावा. त्याचा उपयोग अनेकदा चर्चेसाठी नसून निर्णय पुढे ढकलण्यासाठीच होतो. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणाऱ्या 2005 च्या अधिनियमानुसार कोणतीही नस्ती कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे 7 कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहता कामा नये. या अधिनियमातला बदल्यांचा भाग सर्वांना पाठ असतो, विलंबाचा भाग फारसा कोणी वाचत नाही.

दुसरी गोष्ट आदेशाची. फेरफार नोंदीवर, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलाच्या नोंदीवर, हरकत आली की प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाते आणि दोन्ही पक्षांना ऐकून निर्णय द्यावा लागतो. अशा प्रकरणात 'कागदपत्रे पाहिली, नोंद मंजूर' एवढेच लिहून मोकळे होणाऱ्यांचे आदेश उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपिलात टिकत नाहीत आणि प्रकरण फेरचौकशीसाठी परत येते. पक्षकारांचा वाद मात्र आणखी काही वर्षे चालतो. कोणाचे म्हणणे काय होते, कोणता पुरावा ग्राह्य धरला आणि कोणता का नाकारला, हे ज्यात वाचता येते तोच स्वयंस्पष्ट आदेश. हरलेल्या पक्षाला आपले म्हणणे आदेशात उतरलेले दिसले, तर निर्णय न पटूनही त्याचा कार्यालयावरचा विश्वास उडत नाही, असा माझा अनुभव आहे. मालकी हक्काचा प्रश्न दिवाणी न्यायालयाचा आहे, याचे भानही आदेश लिहिताना सुटू देऊ नये.

कार्यालयाची शिस्त लावायची तर सहा गठ्ठा पद्धतीपासून, म्हणजे टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत विभागण्यापासून, सुरुवात करावी. अहमदनगरचे तत्कालीन जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी 1980 च्या दशकात कार्यालयीन रचनेत केलेल्या सुधारणा 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर ओळखल्या गेल्या, त्या अभिलेखांच्या अशाच वरकरणी नीरस कामातून. चालू प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके (ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद हे वेगळे झाले की कोणत्या टेबलावर काम खरोखर जास्त आहे आणि कोणत्या टेबलावर नुसते साचले आहे, हे उघड दिसते. ई-ऑफिस आल्यावरही ही वर्गवारी टळलेली नाही. गठ्ठे फक्त पडद्यावर गेले आहेत.

लोकप्रतिनिधींच्या दूरध्वनीची नवख्यांना उगाच भीती वाटते. बहुतेक फोन कोणाचे तरी काम का अडले, हे विचारण्यासाठी असतात आणि तारखेसह खरे उत्तर दिले की विषय संपतो. नियमबाह्य सूचना वरिष्ठांकडून तोंडी आली, तर ती लेखी देण्याची नम्र विनंती करावी; वरिष्ठांचे निर्देश सामान्यतः लेखी असावेत, अशीच 1979 च्या वर्तणूक नियमांची अपेक्षा आहे.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित सेवेला मुदत असते आणि पुरेशा कारणाशिवाय ती चुकल्यास पदनिर्देशित (ती सेवा देण्यासाठी नेमलेल्या) अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. या दंडाच्या धास्तीने शेवटच्या दिवशी त्रुटी काढून अर्ज परत करण्याची पळवाट काही ठिकाणी रूढ झाली आहे. ती बंद करणे सर्वस्वी अधिकाऱ्याच्या हातात असते: त्रुटी काढायची ती अर्ज आल्यावर लगेच आणि एकदाच, असे ठरवून रोज सायंकाळी प्रलंबित अर्जांची यादी पाहिली तरी बराच फरक पडतो.

एका पदावरचा कालावधी साधारणतः 3 वर्षांचा असल्याने बदली होणार, हे गृहीत धरूनच काम करावे. पदभार घेताना आणि देताना न्यायालयीन प्रकरणांची, विधिमंडळातील तारांकित प्रश्नांच्या प्रलंबित उत्तरांची आणि लेखापरीक्षणातील आक्षेपांची यादी सहीनिशी करावी. या तीन याद्या नसतील, तर नव्या अधिकाऱ्याचे पहिले काही महिने जुन्या नोटिसांना उत्तरे शोधण्यातच जातात.